वजन उतरले, तर विमा अडेल का?

प्रश्न : माझी उंची १६० सेंटिमीटर, वजन १०४ किलो. बॅरिएट्रिक शस्त्रक्रियेआधीच्या पथ्याने सहा किलो उतरले. आता विमा मिळेल ना?

उत्तर : घाबरून पथ्य सोडू नका. त्याने यकृताची सूज उतरते, शस्त्रक्रिया अधिक सुरक्षित होते. विमा नियामक आयआरडीएआयच्या प्रमाणित अटींनुसार बीएमआय किमान ४० हवा. तो ३५ ते ४० असल्यास आटोक्यात न येणारा टाइप २ मधुमेह, हृदयविकार किंवा तीव्र स्लीप अ‍ॅप्निया यांसारखा आजार आणि आधीचे उपाय निष्फळ ठरल्याची नोंद लागते. तुमचा बीएमआय ४०.६ वरून ३८.३ वर आलाय. वजन कोणत्या दिवसाचे धरायचे, हे त्या अटींत नाही. वाद तिथेच होतो. म्हणून शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाला त्या दिवसाची उंची-वजनाची सही-शिक्क्याची नोंद मिळवा. ‘हे पथ्य शस्त्रक्रियेच्या तयारीचा भाग आहे’, असे सर्जनचे पत्रही घ्या. दोन्ही जोडून कॅशलेसची पूर्वमंजुरी आताच मागा. नकार आलाच, तर लेखी कारण घेऊन कंपनीकडे तक्रार करा. तीस दिवसांत दाद लागली नाही, तर विमा लोकपालांकडे जा. तिथे शुल्क लागत नाही.