रब्बीची राखण: कुंपणावरचा दिवा नेमका कोणासाठी?

सोयाबीन निघाले की परभणी जिल्ह्यातल्या शिवाराचे रूप आठ-पंधरा दिवसांत पालटते. तोवर जनावरांना लपायला आणि खायला सगळीकडे हिरवे असते. ऑक्टोबर सरता सरता हिरवे उरते ते तुरीच्या ओळींत, कालव्याखालच्या आणि गोदाकाठच्या उसात, हळदीत आणि नुकत्याच उगवलेल्या हरभऱ्या-ज्वारीत. जिंतूरच्या डोंगराळ पट्ट्यातून, येलदरीच्या पाणलोटातल्या झाडोऱ्यातून, गोदावरी, पूर्णा आणि दुधनेच्या काठच्या झुडपांतून निघालेली रानडुकरे आणि रोही, तसेच माळावरची हरणे, मग याच तुकड्यांवर एकवटतात. ज्वारी हुरड्यात आणि हरभरा घाट्यात येईपर्यंत, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत, जागलीला पर्याय नसतो, आणि जागलीला माणूस मिळत नाही. नेमक्या या अडचणीवर बोट ठेवून कुंपणावर बसवायचे सौरदिवे विकले जातात. त्यांतल्या काहींच्या पोटातच सेन्सर असतो. तारेला धक्का लागला की दिवा पेटतो, बिनतारी संदेश जातो आणि मोबाइल वाजतो. वस्तू कामाची आहे, पण ‘उजेड पाहून जनावर पळते’ असे सांगून ती विकली जाते तेव्हा शेतकऱ्याची फसगत होते. कुंपणावरचा दिवा रोह्याला भिववण्यासाठी घ्यायचाच नसतो. राखणदाराला जागा दाखवण्यासाठी तो घ्यायचा, आणि त्याच हिशेबाने त्याची संख्या, जागा आणि खर्च ठरवायचा.

रात्रभर जळणाऱ्या दिव्याचे आधी पाहू. रानडुकराची नजर तशी बेताचीच, त्याचा कारभार नाकावर आणि कानावर चालतो. पहिल्या काही रात्री नव्या उजेडाला ते बिचकते. उजेडामागे काठी, कुत्रा किंवा आरोळी येत नाही हे लक्षात आले की त्याच दिव्याखालून आत शिरते. बुजगावण्याचे, चमकत्या पट्ट्यांचे आणि रेकॉर्ड केलेल्या आवाजांचेही हेच होते. जनावर सरावते. दुसरा तोटा पिकाचा, आणि तो फारसा कोणी मोजत नाही. तूर, सोयाबीन आणि रब्बी ज्वारी ही लहान दिवसाची पिके. रात्र पुरेशी लांब आणि काळोखी झाली की ती फुलोऱ्याकडे वळतात. रस्त्याच्या दिव्याखालचे सोयाबीन बाकी रान पिवळे पडले तरी हिरवेच उभे असते, ते याच कारणाने. धुऱ्यालगतच्या चार-सहा ओळींवर रात्रभर पांढरा झोत टाकला तर आपल्याच हाताने त्या ओळी मागे पाडल्यासारखे होईल. त्यात हरभऱ्यावर आणि तुरीवर घाटेअळीचा काळ. तिचे पतंग प्रकाशाकडे खेचले जातात, म्हणून तर प्रकाश सापळे लावतात. सापळ्यात पतंग मरतात तरी. नुसत्या दिव्याखाली ते जमतात आणि शेजारच्या शेंड्यावर अंडी घालतात. तेव्हा दिवा एरवी बंद आणि हालचाल झाली तरच दोन-तीन मिनिटे पेटणारा हवा. ज्या दिव्याला अशी सोय नाही, तो स्वस्तात मिळाला तरी शेताला महागच पडतो.

मग दिवा माणसासाठी म्हणजे कसा? याचे उत्तम उदाहरण तामिळनाडूत आहे. कोइम्बतूर जिल्ह्यातल्या वालपराईच्या चहामळ्यांत हत्ती आणि मजूर एकाच वाटेवर येत. अनेक बळी हत्ती जवळ असल्याचे माहीतच नसल्यामुळे जात. तिथे नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशन या संस्थेने उंच जागी लाल दिवे बसवले. हत्ती परिसरात आल्याची खबर मिळाली की ते मोबाइलवरून पेटवले जातात, शिवाय लोकांना संदेश जातात. हत्तीला हाकलण्याचे काम त्या दिव्यांवर सोपवलेलेच नव्हते. दिवा पाहून माणूस वाट बदलतो. तिथे माणसांचे बळी घटले, आणि या कामासाठी एम. आनंद कुमार यांना २०१५ मध्ये व्हिटली पुरस्कार मिळाला. आपल्याकडेही ताडोबाला लागून असलेल्या सीतारामपेठ गावात २०२३ मध्ये वाघ ओळखून गावाला इशारा देणारे कॅमेरे बसले. तिथलाही विचार तोच आहे: यंत्राने पाहायचे, माणसाने ठरवायचे. मोठ्या आस्थापनांच्या कुंपणांसाठी कॅनडाच्या सेन्स्टार कंपनीचे एलएम-१०० नावाचे जे उपकरण येते, त्यात प्रत्येक दिव्यातच कंप ओळखणारा सेन्सर असतो. जाळी कोणी कापू किंवा चढू लागले की नेमका तिथला दिवा लखलखतो आणि पहारेकऱ्याला खांबाचा ठिकाणा कळतो. एवढी महागडी व्यवस्था चार एकर हरभऱ्याला कोणी लावू नये, परंतु तिच्यातली एक गोष्ट उचलण्यासारखी आहे. ती केवळ ‘कोणीतरी आले’ म्हणून थांबत नाही, ‘इथे आले’ असे सांगते.

सेन्सर कोणता, हा प्रश्न आपल्या जिल्ह्यात आधी मातीला विचारावा लागतो. कंपावर चालणाऱ्या सेन्सरला तार ताणलेली आणि खांब ताठ हवा. आपली भारी काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि हिवाळा संपता संपता हात जाईल एवढी भेगाळते. या फुगण्या-आकसण्यात सिमेंटचा खांब जागेवर राहत नाही. एका बाजूला कलतो, तार ढिली होते, आणि ढिली तार वाऱ्याने नुसती हलली तरी फोन वाजतो. अशा वेळी दोष यंत्राच्या माथी मारला जातो, मूळ मात्र खड्ड्यात असते. खड्डा दोन-अडीच फूट खोल घ्यावा, खांबाभोवती काळी माती परत न लोटता मुरूम-गिट्टी ठासावी, कोपऱ्याच्या खांबांना तिरपा टेकू द्यावा आणि रब्बीच्या पेरणीनंतर तार पुन्हा ताणून घ्यावी. दुसरा प्रकार अंगाच्या उष्णतेवर चालणारा, दुकानात पीआयआर म्हणून मिळणारा. जनावराचे अंग आणि भोवतालची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर तो चालतो. परभणीची थंडी एक अंकी आकड्यापर्यंत उतरते तेव्हा तो चोख काम करतो. मे महिन्यात मात्र हवा आणि जमीनच अंगाएवढी तापलेली असते आणि त्याची धार जाते. म्हणजे रब्बीपुरता तो चांगला, पण उन्हाळी भुईमुगाची राखण त्याच्या भरवशावर टाकू नये. संदेश वाहून नेण्यासाठी आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा परवान्याशिवाय वापरता येतो आणि ‘लोरा’ पद्धतीची उपकरणे त्यावर चालतात. परदेशी बाजारासाठी बनलेली ९१५ मेगाहर्ट्झची उपकरणे स्वस्त दिसली तरी घेऊ नयेत, तो पट्टा इथे मोकळा नाही. अँटेना तुरीच्या शेंड्याच्या वर असावी. सप्टेंबरात चाचणी केली आणि डिसेंबरात संदेश येईनासा झाला, तर मधल्या काळात पीक उंच झाले, हे बहुधा त्याचे उत्तर असते.

‘आमच्याकडे झटका मशीन आहे, आणखी कशाला खर्च?’ हा आक्षेप रास्त आहे. ज्याच्याकडे काहीच नाही त्याने पहिला पैसा झटक्याच्या कुंपणावरच घालावा, दिव्यावर नव्हे. खालची तार जमिनीपासून वीतभर उंचीवर असली तर डुकराचे ओले नाक तिला लागते, आणि खरा झटका तिथेच बसतो. मात्र झटक्याला चांगले अर्थिंग लागते आणि कोरड्या, भेगाळलेल्या जमिनीत तेच कमजोर पडते. अर्थिंगचा रॉड ओलाव्यात, पाटाजवळ किंवा ठिबकच्या नळीखाली ठोकावा. तारेखालचे गवत काढले नाही तर पहाटेच्या दवात झटक्याचा जोर गवतातूनच जमिनीत मुरतो. मशीन टिकटिक करत राहते, तारेत मात्र जीव नसतो. अशा मेलेल्या तारेची खबर देणे हे झटका मशीनला जोडायच्या इशारा-उपकरणाचे पहिले काम. बऱ्याच झटका मशीनला भोंगा असतोच. त्या भोंग्याच्या जोडणीवर सिमकार्डाचा एक डायलर बसवला की फोन वाजतो, आणि चार-पाच एकरांच्या तुकड्याला तेवढे पुरते. तिथे जागा शोधत बसावे लागत नाही, एका बॅटरीच्या झोतात सगळा धुरा दिसतो. याच ओघात एक गोष्ट बजावून सांगायला हवी. झटका मशीन सेकंदाला साधारण एकदा, क्षणाच्याही अंशापुरता झटका देते. डीपीवरून आकडा टाकून तारेत सोडलेली सलग वीज ही राखण नाही, ती हत्या आहे. तिच्यात शेजाऱ्याचे पोर, स्वतःचा बैल आणि पहाटे पाणी द्यायला निघालेला घरधनीही सापडतो. विद्युत कायदा २००३ च्या कलम १३५ खाली ती वीजचोरी ठरते, आणि काळवीट मेला तर वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ आहेच.

खांबागणिक सेन्सर असलेल्या दिव्यांची खरी गरज लागते ती कुंपण लांबते तेव्हा, आणि कुंपण लांबवणे हेच शहाणपणाचे आहे. हिशेब साधा आहे. चार एकरांचा चौकोनी तुकडा घेतला तर त्याचा परीघ सुमारे ५०९ मीटर भरतो. असे दहा शेतकरी वेगवेगळे कुंपण घालतील तर ५ किलोमीटरहून अधिक तार लागेल. तेच ४० एकर सलग धरून एकच कुंपण घातले तर सुमारे १,६१० मीटर, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. प्रत्यक्षात तुकडे इतके चौकोनी नसतात आणि मधून पांदणही जाते, तरी बचतीचा अंदाज यातून येतो. वाचलेल्या तारेच्या पैशांत दिवे बसतात. ‘गावात एकी नाही’ हे उत्तर तयार असते, पण एकट्याने केलेली राखण कुठे जाते तेही पाहावे. माझ्या धुऱ्यावरून हाकललेला कळप हवेत विरत नाही, शेजाऱ्याच्या ज्वारीत उतरतो. पुढच्या वर्षी शेजारी कुंपण घालतो आणि कळप तिसऱ्याकडे वळतो. सलग कुंपण घालतानाही नाल्याकडेने जनावरांची येण्या-जाण्याची जुनी वाट मोकळी सोडावी. ती अडवली तर जनावरे कुठेतरी तार तोडणारच. शिवाय प्रत्येक खांबावर दिवा नको. नाला ओलांडणारी जागा, फाटक, पांदणीचे वळण, उसाला लागून असलेली बाजू, अशा ठिकाणीच तो लावावा. उरलेल्या बाजूंना आपला जुना उपाय आहे: ज्वारी-हरभऱ्याभोवती करडईचे पट्टे. काटेरी करडईत जनावर सहसा घुसत नाही, आणि परभणीच्या कृषी विद्यापीठाने या पिकाचे स्वतःचे वाणही दिलेले आहेत. बियाण्याच्या किमतीत मिळणारे हे कुंपण यंत्राच्या आधी उभे करावे.

माणूस-चोराचा विषय थोडक्यात. सौरपंपाच्या पाट्या, मोटारीची केबल, वेचून ठेवलेला कापूस यांच्यासाठी विहिरीवर आणि आखाड्यावर असा एखादा दिवा जरूर असावा, आणि तो बाहेरून येणाऱ्या वाटेकडे तोंड करून असावा. पण इशारा आला म्हणून एकट्याने अंधारात धावत जाऊ नये. चोर असो की पिलांसह असलेली डुकरीण, दोघांशीही गाठ वाईट. इशारा एकाच वेळी तीन-चार जणांच्या फोनवर जाईल अशी सोय करून घ्यावी.

इशाऱ्यांची नोंद कागदोपत्रीही उपयोगी पडते. वन्यप्राण्यांनी पीक खाल्ले तर भरपाईसाठी वन विभागाकडे ३ दिवसांच्या आत तक्रार द्यावी लागते, आणि नुकसान कोणत्या रात्री झाले हे अनेकांना सांगता येत नाही. केंद्र सरकारने २०२६ च्या खरिपापासून वन्यप्राण्यांचे नुकसान पीकविम्याच्या जोड संरक्षणात घेण्याचे जाहीर केले, त्यातही ७२ तासांत ॲपवर छायाचित्रासह कळवण्याची अट आहे. सौर कुंपणासाठी डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून मदत मिळते. आपले गाव निकषांत बसते का, हे वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या कार्यालयात खरेदीआधी विचारावे, बिल झाल्यावर नव्हे. आणि विक्रेत्याला पैसे देण्याआधी आपल्याच धुऱ्यावर दोन खांब लावून आठ दिवस चालवून दाखवायला सांगावे. वारा, गावची कुत्री, तारेवर टेकलेली दवाने भिजलेली पाने यांमुळे किती वेळा फोन वाजला आणि खरे जनावर किती वेळा आले, ते वहीत टिपावे. रात्रीतून दोनदा-तीनदा उगाच वाजणारा फोन चौथ्या रात्री उशाखाली जातो. ज्याच्या फोनवर इशारा यायचा तो त्या रात्री गावात झोपणार की आखाड्यावर, हेही खांब रोवण्याआधीच ठरवून घ्यावे.