वाट दाखवणारे

(डोंगर चढणे, नदीतून नाव नेणे, रानात मुक्काम करणे यांना आपण छंद समजतो. पण इतरांना अशा ठिकाणी सुखरूप नेणे आणि परत आणणे हा एक व्यवसायही आहे. या व्यवसायाला कोणती तयारी लागते आणि त्यात कोणती जबाबदारी असते, याची माहिती या पाठात दिली आहे.)

आपल्या धाराशिव जिल्ह्यात तुळजापूर तालुक्यात नळदुर्गचा किल्ला आहे. विजापूरचा सुलतान दुसरा इब्राहिम आदिलशहा याच्या काळात येथे बोरी नदीवर दगडी धरण बांधले गेले आणि त्या धरणाच्या पोटातच पाणीमहाल उभारला गेला. पावसाळ्यात नदी भरून आली म्हणजे धरणावरून दोन धबधबे कोसळू लागतात. लोक त्यांना नर आणि मादी म्हणतात. ते पाहण्यासाठी दूरदूरच्या गावांहून माणसे येतात. कोणी अगदी कडेला जाऊन खाली डोकावतो, कोणी शेवाळलेल्या दगडावर उभा राहून फोटो काढतो. पाय घसरला तर काय होईल, याचा विचार त्या वेळी फार थोडे लोक करतात.

अशा गर्दीत एखादा जाणता माणूस असला तर? कोणता दगड निसरडा आहे, पाणी किती वेगाने वाढते, कुठे उभे राहिले तर धबधबाही दिसेल आणि जीवही सुरक्षित राहील, हे त्याला ठाऊक असेल. तो लोकांना नुसते 'जाऊ नका' म्हणणार नाही, तर 'असे चला, इथून पाहा' असे सांगेल. अशा माणसाला साहस-मार्गदर्शक म्हणतात. आणि कुठे जायचे, कसे जायचे, काय करायचे याची आखणी जो आधीच करतो, तो साहसी उपक्रमांचा आयोजक होय. पुष्कळदा ही दोन्ही कामे एकच व्यक्ती करते.

हे काम नवे नाही. लडाखमधील लेह या गावी गुलाम रसूल गलवान नावाचा एक गरीब मुलगा होता. १८९० च्या सुमारास, वयाच्या जेमतेम बाराव्या वर्षी, तो परदेशी प्रवाशांच्या तांड्यात नोकरीला लागला. घोडे सांभाळणे, ओझी वाहणे, चूल पेटवणे अशी त्याची कामे होती. पण वाटेवरचा प्रत्येक ओढा आणि प्रत्येक खिंड तो लक्षात ठेवी. लडाखी, उर्दू आणि तुर्की या भाषा त्याला बोलता येत. प्रवासात तो इंग्रजीही शिकला. हमालीपासून सुरुवात करून तो पुढे तांड्याचा प्रमुख झाला. १९२३ साली त्याचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. लडाखमधील गलवान नदी त्याच्याच नावाने ओळखली जाते. त्याच्यापाशी पदवी नव्हती, पैसा नव्हता. वाटेचे ज्ञान, माणसांची पारख आणि चार भाषा एवढेच त्याचे भांडवल होते.

पुढे या कामाचे रीतसर शिक्षण सुरू झाले. २९ मे १९५३ रोजी तेनसिंग नोर्गे आणि एडमंड हिलरी यांनी एव्हरेस्ट शिखर गाठले. दुसऱ्याच वर्षी, १९५४ मध्ये, दार्जिलिंग येथे हिमालयन गिर्यारोहण संस्था स्थापन झाली आणि तेनसिंग तेथे नव्या मुलांना शिकवू लागले. १९६५ मध्ये उत्तरकाशी येथे नेहरू गिर्यारोहण संस्था सुरू झाली. मनाली येथेही अशीच संस्था आहे. पाण्यावरील खेळांसाठी गोव्यात राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे.

तुम्ही म्हणाल, डोंगर चढून शिक्षण कसले मिळते? याचे उत्तर दुसऱ्या महायुद्धातील एका अनुभवात आहे. इंग्लंडची व्यापारी जहाजे समुद्रात बुडवली जात होती. लहान होडीत जीव वाचवून बसलेल्या खलाशांपैकी तरुण आणि धडधाकट खलाशी आधी हिंमत हरत, तर वयस्क खलाशी टिकून राहत, असे दिसून आले. तरुणांच्या अंगात बळ होते, पण संकटात मन स्थिर ठेवण्याची सवय नव्हती. म्हणून कुर्ट हान या शिक्षणतज्ज्ञाने १९४१ मध्ये वेल्समधील ॲबरडोव्ही येथे एक शाळा काढली. समुद्र आणि डोंगर हेच तिथले वर्ग होते. मुलांना थोडी थोडी अवघड कामे द्यायची, ती सर्वांनी मिळून पार पाडायची आणि त्यातून आत्मविश्वास मिळवायचा, ही तिथली पद्धत होती. आज जगभर साहसी शिबिरे याच विचारावर चालतात.

आता हे काम प्रत्यक्षात कसे चालते ते पाहू. समजा, नववीच्या चाळीस मुलींना येडशीजवळच्या रामलिंग परिसरात एक दिवस न्यायचे आहे. हा भाग बालाघाटच्या डोंगरात असून येथे अभयारण्य आहे. आयोजक आधी स्वतः तेथे जाऊन पाहणी करतो. वनखात्याची परवानगी काढतो. वाट किती लांब आहे, सावली कुठे आहे, पिण्याचे पाणी कुठे मिळेल, जवळचा दवाखाना किती अंतरावर आहे, हे सारे तो वहीत टिपून घेतो. मग मुलींची माहिती गोळा करतो. कोणाला दमा आहे का? कोणाचे नुकतेच आजारपण झाले आहे का? चाळीस मुलींचे दहा-दहाचे चार गट करतो. प्रत्येक गटाबरोबर एक जाणती व्यक्ती देतो. सर्वांत पुढे वाट माहीत असणारा आणि सर्वांत मागे शेवटच्या मुलीला सोबत करणारा, अशी माणसे नेमतो. चालण्याचा वेग सर्वांत हळू चालणाऱ्या मुलीवरून ठरवतो.

मराठवाड्यातील धोके हिमालयातील धोक्यांपेक्षा वेगळे आहेत. येथे बर्फ नाही, पण ऊन आहे. म्हणून उन्हाळ्यात पहाटे निघून ऊन चढण्याआधी परतावे लागते. मे-जूनमध्ये दुपारनंतर वीज पडण्याची भीती असते. अशा वेळी एकट्या उंच झाडाखाली थांबणे म्हणजे संकटाला बोलावणे होय. किल्ल्यांच्या तटांवर आणि कड्यांवर आग्या मोहोळ असते. तेथे धूर, आरडाओरडा आणि दगड मारणे पूर्ण बंद ठेवावे लागते. अत्तर लावून तेथे न गेलेलेच बरे.

दोराने कड्यावरून उतरायचे असेल तर आणखी काळजी लागते. दोर कधीही एकाच आधाराला बांधत नाहीत. एक आधार सुटला तरी दुसऱ्याने भार पेलावा, म्हणून किमान दोन आधार घेतात. आठच्या आकाराची गाठ मारतात. ज्याने गाठ मारली तो ती तपासतो आणि नंतर दुसरा जाणकारही तपासतो. डोक्यावर शिरस्त्राण असल्याशिवाय कोणी कड्याजवळ जात नाही. दोर झिजला असेल तर तो कितीही महाग असो, बाजूला ठेवतात.

परतीची वेळ आधीच ठरलेली असते. ती झाली की शिखर हाताच्या अंतरावर असले तरी मागे वळायचे. जमलेले लोक नाराज होतात. 'एवढ्या जवळ येऊन परत?' असे म्हणतात. त्या वेळी 'होय, परत' असे शांतपणे सांगता आले पाहिजे. नुसते धाडस पुष्कळांजवळ असते, हा संयम मात्र थोड्यांजवळ असतो. जो स्वतःचा जीव धोक्यात घालतो त्याला लोक बेपर्वा म्हणतात. पण जो दुसऱ्याच्या मुलांचा जीव धोक्यात घालतो, त्याला क्षमा नाही. काही अपघातांत कोवळी मुले गेली आहेत. म्हणूनच महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये साहसी उपक्रमांसाठी सुरक्षेचे नियम काढले आणि २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले. जमीन, पाणी आणि हवा या तिन्ही ठिकाणच्या उपक्रमांना त्यात नोंदणीची अट आहे.

हे कौशल्य संकटकाळीही उपयोगी पडते. २८ जुलै २०१८ रोजी पोलादपूरजवळ आंबेनळी घाटात एक बस खोल दरीत कोसळली आणि तीस माणसे मृत्युमुखी पडली. भर पावसात दोर लावून दरीत उतरणाऱ्यांमध्ये महाबळेश्वर आणि परिसरातील गिर्यारोहक आघाडीवर होते.

"डोंगर चढून पोट भरते का, बेटा?" असे घरी अब्बा विचारतील. त्यांची काळजी रास्त आहे. हे काम बहुतेक ठिकाणी हंगामी असते. सुरुवातीला मिळकत थोडी असते आणि दरमहा ठरलेल्या पगाराची खात्री नसते. म्हणून शालेय शिक्षण सोडून या मार्गाला लागू नये. पदवीबरोबर हे शिक्षण घ्यावे. शाळांची शिबिरे, पर्यटन संस्था, गिर्यारोहण संस्था, कारखान्यांची प्रशिक्षण केंद्रे येथे अशा माणसांची गरज असते. कोणी पुढे स्वतःची संस्था काढतो.

बचेंद्री पाल यांचे उदाहरण येथे आठवते. उत्तरकाशी जिल्ह्यातील नाकुरी गावची ही मुलगी. शिकून त्यांनी एम. ए. आणि बी. एड. केले. मुलीने शिक्षिका व्हावे असे घरच्यांना वाटे. त्यांनी मात्र गिर्यारोहणाचे शिक्षण घेतले. २३ मे १९८४ रोजी त्या एव्हरेस्टवर पोहोचल्या. तेथे पोहोचणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला होत. पण त्यांचे खरे मोठे काम त्यानंतरचे आहे. जमशेदपूरच्या टाटा स्टील साहस प्रतिष्ठानात त्यांनी अनेक वर्षे तरुणांना, विशेषतः मुलींना, घडवले. रेल्वेखाली सापडून एक पाय गमावलेल्या अरुणिमा सिन्हा त्यांच्याच मार्गदर्शनाखाली शिकल्या आणि २०१३ मध्ये एव्हरेस्टवर पोहोचल्या. बी. एड. वाया गेले असे कोणी म्हणू शकेल काय? शिक्षिका त्या झाल्याच. फक्त त्यांच्या वर्गाला भिंती नव्हत्या.

महाराष्ट्रही मागे नाही. १९९८ मध्ये सुरेंद्र चव्हाण हे एव्हरेस्टवर पोहोचणारे पहिले महाराष्ट्रीय ठरले. २०१२ मध्ये पुण्याच्या 'गिरिप्रेमी' संस्थेचे आठ गिर्यारोहक एकाच मोहिमेत तेथे पोहोचले. मोहिमेचे नेते उमेश झिरपे होते.

ज्याला या मार्गाने जायचे असेल त्याने आतापासून काय करावे? रोज चालावे, धावावे आणि पोहायला शिकावे. शाळेत स्काउट-गाइड किंवा एन. सी. सी. असेल तर त्यात भाग घ्यावा. प्रथमोपचार शिकावेत. नकाशा आणि होकायंत्र वापरण्याचा सराव करावा. वयाची अट पूर्ण झाल्यावर गिर्यारोहण संस्थेतील सुमारे चार आठवड्यांचा प्राथमिक अभ्यासक्रम करता येतो. त्यात उत्तम श्रेणी मिळाली तर प्रगत अभ्यासक्रम आणि त्यानंतर इतरांना शिकवण्याचा अभ्यासक्रम करता येतो. शोध आणि बचाव कार्याचेही वेगळे शिक्षण मिळते.

भाषांकडेही दुर्लक्ष करू नका. घरी उर्दू, गावात मराठी, शाळेत हिंदी आणि इंग्रजी अशा चार भाषा तुमच्या कानावर रोज पडतात. वाट विचारायची असेल तर मेंढपाळाशी मराठीत बोलावे लागते. घाबरलेल्या पाहुण्याला धीर द्यायचा असेल तर तो त्याच्या भाषेत द्यावा लागतो. ही तुमची कमाई आहे, तिचा उपयोग करा.

विद्यार्थ्यांनो, गट किती उंच गेला यावरून मार्गदर्शकाची परीक्षा होत नाही. संध्याकाळी मुलांची मोजणी होते. सकाळी चाळीस निघाली होती, संध्याकाळीही चाळीसच भरली आणि त्यांतील एखादी भित्री मुलगी घरी जाऊन म्हणाली, "अम्मी, आज मी दोराने उतरले," की त्या दिवसाचे काम फत्ते झाले.

शब्दार्थ

आयोजक – इंतजाम करणारा
तांडा – काफिला
खिंड – दर्रा, दोन डोंगरांमधील वाट
पारख – पहचान, परख
निसरडा – पाय घसरेल असा
शिरस्त्राण – डोक्याच्या रक्षणासाठी घालायची टोपी
संयम – सब्र, स्वतःवरील ताबा
रास्त – योग्य, वाजवी
होकायंत्र – कुतुबनुमा, दिशा दाखवणारे यंत्र
प्रथमोपचार – डॉक्टर येण्यापूर्वी करायचा इलाज
फत्ते होणे – यशस्वी होणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) नळदुर्गच्या धबधब्यांना लोक काय म्हणतात?
(आ) गुलाम रसूल गलवान यांचे भांडवल कोणते होते?
(इ) चालण्याचा वेग कोणावरून ठरवतात?

२. कारणे द्या.
(अ) दोर एकाच आधाराला बांधत नाहीत.
(आ) मराठवाड्यात उन्हाळी सहलीसाठी पहाटे निघावे लागते.
(इ) कुर्ट हान यांना समुद्रकिनारी शाळा काढावीशी वाटली.

३. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) धाडसी माणूस आणि बेपर्वा माणूस यांत काय फरक आहे?
(आ) "शिक्षिका त्या झाल्याच, फक्त त्यांच्या वर्गाला भिंती नव्हत्या," असे लेखक का म्हणतो?

४. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : हिंमत हरणे, धीर देणे, वाया जाणे, लक्षात ठेवणे.

५. उपक्रम : परांड्याचा किल्ला पाहण्यासाठी तुमच्या वर्गाची एक दिवसाची सहल काढायची आहे. परवानगी, गट, पाणी, औषधे, निघण्याची वेळ आणि परतीची वेळ यांची यादी मराठीत तयार करा व वर्गात वाचून दाखवा.