आधी ताग पेरावा

पोरी,

परवा फोनवर तू म्हणालीस, कंपनीच्या वार्षिक फॉर्ममध्ये एक चौकट आहे, ‘पुढच्या पाच वर्षांत तुम्ही स्वतःला कुठे पाहता?’ बाकी सगळा फॉर्म भरला, ती चौकट आठ दिवस कोरी आहे. मग आवाज खाली करून म्हणालीस, ‘आत्या, मला काय हवंय तेच मला माहीत नाही गं.’ पाकीट हरवल्याचं घरी सांगावं तसं सांगितलंस. मी हसले, ते तुला लागलं असणार. पण हा प्रश्न मी ३१ वर्षं ऐकलाय. फक्त तो लोक स्वतःबद्दल विचारत नसत, जमिनीबद्दल विचारत.

कृषी सहायक म्हणून तासगावच्या आसपासची गावं मी लुनावरून पालथी घातली. बांधाला गाडी टेकवली की कुणीतरी म्हणायचंच, ‘बाई, ह्या तुकड्यात काय लावू?’ विचारणाऱ्यांत दोन तऱ्हा होत्या. एकाचं मनात आधीच ठरलेलं असायचं. शेजाऱ्यानं द्राक्ष लावलं म्हणून त्यालाही द्राक्षच लावायचं असायचं, माझ्याकडून नुसती मान डोलवून हवी असायची. दुसरा खरोखरच अडलेला असायचा. त्यानं तुकडा दोन-तीन वर्षं पड ठेवलेला असायचा आणि तोवर त्यात हराळी माजलेली असायची. पड जमीन मोकळी राहत नाही, हे शेतकऱ्याच्या पोरीला वेगळं सांगायला नको. तू रविवारी दुपारी मोबाईल हातात घेऊन पडतेस ना, तीच ही हराळी.

ह्या दुसऱ्या माणसाला मी सांगायची, ताग पेरा. एकरी वीस-पंचवीस किलो बी, पाऊस झाला की फेकायचं. ४५ ते ५० दिवसांत ताग छातीला लागतो. पिवळी फुलं दिसायला लागली की उभं पीक नांगरून गाडायचं. त्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरतात, पाला आणि कोवळं खोड कुजून माती भुसभुशीत होते. दोन-तीन आठवडे जाऊ द्यायचे आणि मग त्यात ऊस लावा, शाळू पेरा, नाहीतर पुढं द्राक्षासाठी चर मारा. त्या तुकड्यात काय लावायचं हे माणसाला पेरताना माहीत नसतं, पण जे लावेल त्याच्या ताग उपयोगीच पडतो. वर तण दाबून टाकतो ते वेगळंच.

तुला आज पाच वर्षांचं पीक सुचत नाहीये. नको सुचू दे. ताग कुठला पेरायचा एवढंच बघ.

पहिला ताग पैशाचा. सहा महिन्यांचा खर्च बाजूला पडला पाहिजे. खोलीभाडं, मेस, प्रवास, औषधपाणी, घरी पाठवतेस ते, सगळं धरून आकडा काढ आणि पगार होईल त्याच दिवशी आरडीत जाईल अशी सोय कर. महिनाअखेरीस उरलं तर टाकीन म्हणणाऱ्याचं कधी उरत नाही. हे मी काटकसरीपायी सांगत नाही, तो तुझ्या आईचा प्रांत. खिसा रिकामा असला की माणसाला काय हवंय ते कळत नाही, फक्त काय परवडतंय ते कळतं, आणि तेच आपल्याला हवं होतं अशी स्वतःची समजूत घालून घेतो. माझ्या बरोबरीच्या कितीतरी बायकांनी अशी समजूत आयुष्यभर घातली. त्यांना गाठीशी चार पैसे असते तर त्या काय झाल्या असत्या, मला आजही सांगता येत नाही.

दुसरा ताग शरीराचा. पाठ दुखते म्हणतेस, रात्री दोनला झोपतेस. त्यावर मी जास्त बोलत नाही, तुला सगळं माहीत आहे.

तिसरा हातच्या कामाचा. चारचाकी चालवणं, एक पानभर सरळ मजकूर लिहिता येणं, पन्नास माणसांसमोर उभं राहून बोलता येणं, ह्यांतलं एक घे. तुझ्या आजोबांनी मला बारावीच्या सुट्टीत टायपिंगला घातलं होतं. मराठी तीसची परीक्षा, मग चाळीसची. मला त्यात काडीचा रस नव्हता. क्लासात दहा यंत्रं एकदम खडखडायची आणि डोकं उठायचं. पण पुढं खात्यात लागले तेव्हा अहवाल टाइप करून घ्यायला लोक कारकुनाच्या मिनतवाऱ्या करायचे आणि मी माझा मीच करायची. नवी योजना आली की पहिला कागद माझ्याकडून जायचा, म्हणून साहेबांना माझं नाव माहीत झालं. एवढंच त्याचं भांडवल.

इथवर शोभेची गोष्ट झाली, आता बिनशोभेची. टायपिंग जमल्यावर मी तिथंच थांबले नाही. इंग्रजी टायपिंग, मग शॉर्टहँड, मग शिवणक्लास, मधेच एक शिक्षिकेचा फॉर्म. अशी चार वर्षं गेली. गावात म्हणायचे, पोरगी काय शिकतेय, काय शिकतेय. मला आतून ठाऊक होतं की मी निवड टाळतेय. काहीतरी शिकतोय म्हटलं की कुणी ‘पुढं काय’ विचारत नाही, फार सोयीचं असतं ते. तागाचं असं आहे, फुलोऱ्यात गाडला तर खत होतो. उभा ठेवला तर खोड काठीसारखं होतं, मग गाडलं तरी लवकर कुजत नाही. त्याचे दोर वळतात. तेव्हा ताग पेरतानाच गाडायची तारीख लिहून ठेव. दिवाळीपर्यंत म्हण, गुढीपाडव्यापर्यंत म्हण. त्या दिवशी क्लास बंद, जे शिकलीस ते मातीत गेलं असं समजायचं आणि पुढच्या कामाला लागायचं. तुझ्या पिढीत ऑनलाइन कोर्सचा तर नुसता सुकाळ आहे, म्हणून हे दोनदा सांगते.

ताग उभा आहे तोवर माती तपासून घे. मातीचा नमुना कसा घ्यायचा हे शिकवण्यात माझी अर्धी नोकरी गेली, कारण लोक तिथंच चुकतात. वरची माती खरवडून पिशवीत भरतात. वरचा काडीकचरा बाजूला करून इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा घ्यायचा, वीस-पंचवीस सेंटिमीटर खोल, आणि त्याच्या कडेची माती घ्यायची. शेतात नागमोडी फिरत आठ-दहा ठिकाणांहून. बांधाजवळची घ्यायची नाही, झाडाखालची नाही, पाटाच्या ओलीतली नाही, आणि खताचा ढीग होता तिथली तर मुळीच नाही, कारण तिथं काहीही तरारून येतं. सगळी एकत्र करून तिचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे, दोन टाकायचे. अर्धा किलो उरेपर्यंत हेच.

माणसंही स्वतःला तपासताना खताच्या ढिगाजवळची माती घेतात. गॅदरिंगला नाच केला, टाळ्या पडल्या, म्हणजे मला नृत्यात जायचंय. गोव्याला चार दिवस गेलो, बरं वाटलं, म्हणजे मला समुद्राकाठी कॅफे काढायचाय. टाळ्या आणि सुट्टी, दोन्ही ढिगाजवळच्या जागा. तू एक वही घे. मोबाईल नको, वहीच. दोन महिने रोज झोपताना दोन ओळी लिही. आज कुठलं काम करताना घड्याळ बघायला विसरले, आणि आज कुणाचा हेवा वाटला. नमुना साध्या मंगळवारचा हवा.

हेव्याचं लिहायला लाज वाटेल, तरी लिही. हेव्याइतका प्रामाणिक सल्लागार मी पाहिला नाही. फक्त त्याला एक उलटा प्रश्न विचारायचा. मैत्रीण जर्मनीला गेली, तिचे बर्फातले फोटो बघून पोटात कालवलं. तिच्या फोटोचा हेवा वाटला की तिच्या सकाळी सहाच्या बसचा, एकटीनं करायच्या स्वयंपाकाचा, नव्या भाषेत अडखळण्याचा? ह्यातलंही काही हवंसं वाटलं तर ती ओळ वहीत ठेव. नुसता फोटोच हवा असेल तर तो टाकायच्या दोन भागांत.

दोन महिन्यांनी वहीत दोन-तीन गोष्टी पुन्हा पुन्हा आलेल्या दिसतील. लगेच एकरभर लावू नकोस. एक गुंठा लाव. एकराचा चाळिसावा भाग, फसला तरी घर बसत नाही. शिकवावंसं वाटतंय? सोसायटीतल्या वॉचमनच्या पोराला दर शनिवारी गणित शिकव, दहा शनिवार. स्वतःचं काही विकावंसं वाटतंय? वीस डबे करून वीस अनोळखी माणसांना विक. नातेवाईक धरायचे नाहीत, ते वाईट असलं तरी घेतात. आणि सुरू करायच्या आधी वहीत लिही, काय दिसलं तर थांबेन आणि काय दिसलं तर दुसरा गुंठा लावीन. नंतर लिहिलंस तर मन आपल्या सोयीचं लिहून घेतं.

धुंडिराज गोविंद फाळक्यांचं उदाहरण मला ह्याच जागी आठवतं, कारण त्यात रोपच आहे. मुंबईत जे. जे.मध्ये चित्रकला, मग बडोद्याचं कलाभवन, फोटोग्राफीचा धंदा, पुरातत्त्व खात्यातली नोकरी, लोणावळ्याचा छापखाना, मधे जादूचे प्रयोगसुद्धा. चाळिशीपर्यंत ह्या माणसाचा फॉर्म कुणी पाहिला असता तर म्हणाला असता, ह्याचं कशात मन लागत नाही. १९११ साली त्यांनी ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा चित्रपट पाहिला आणि मग चक्र फिरलं. पुढच्या वर्षी लंडनहून कॅमेरा आणला, पण पैसा लावायला कोण तयार होणार? त्यांनी कुंडीत वाटाणा लावला आणि रोज थोडं थोडं चित्रण करत राहिले. पडद्यावर रोप मिनिटभरात डोळ्यांदेखत वाढताना दिसलं तेव्हा माणसांचा विश्वास बसला. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली लोकांपुढं आला, तेव्हा ते ४३ वर्षांचे होते. आधीचे सगळे धंदे, पार जादूपर्यंत, त्या पडद्यावर कामाला आले. पण मला त्या कुंडीचंच जास्त कौतुक आहे.

आता नोकरीचं. सोडू का, असं तू विचारलं नाहीस, पण तुझ्या बोलण्यात ते होतंच. आपल्याकडं हल्ली द्राक्षाची वेल थेट लावत नाहीत, तुझ्या बापाला विचार. जानेवारी-फेब्रुवारीत डॉगरीजचा खुंट लावतात. मूळ अमेरिकेतला रानटी वाण, खारट माती सोसतो, पाण्याचा ताण सोसतो, द्राक्ष म्हणून त्याला कुणी विचारत नाही. सहा-सात महिने तो नुसता मूळ धरतो. मग ऑगस्ट-सप्टेंबरात त्यावर हव्या त्या जातीचं कलम भरतात. थॉमसन की सोनाका, हे खुंट लावताना ठरलेलं नसलं तरी चालतं. तुझी नोकरी मला खुंटासारखी वाटते. गोड नाही, पण मूळ धरू देते. तोवर तिच्यावर चिडत बसू नकोस आणि तिच्या प्रेमातही पडू नकोस.

मात्र खुंट लावायच्या आधी मंडप उभा करू नकोस. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. कर्ज काढून लोखंडी अँगल आणले, तारा ओढल्या, आणि मग कळलं की खाली चुनखडी आहे. लोक मात्र मंडप बघून म्हणायचे, काय बाग केलीय! बाविसाव्या वर्षी वीस वर्षांच्या हप्त्यावर घेतलेला फ्लॅट, जमतंय की नाही हे बघायच्या आधी भरलेली लाखांची फी, सगळ्या गावाला सांगून टाकलेला संकल्प, हे सगळे मंडपच. एकदा उभे राहिले की माणूस त्यांच्यासाठी वेल शोधत फिरतो. लग्नाबद्दल मी मुद्दाम बोलत नाही. त्यावर बोलणारी घरात सहा माणसं आहेत.

सोनाकाचं नाव निघालंच म्हणून सांगते. सोलापूरजवळच्या नान्नजच्या नानासाहेब काळ्यांनी थॉमसनच्या बागेतून लांबट मण्यांची ही जात निवडून काढली. सोलापूर, नान्नज, काळे, म्हणून सोनाका. नवी जात शोधायची असं घोकून ते बागेत शिरत होते की नाही, मी काही त्यांना विचारलेलं नाही. पण ते रोज बागेत होते एवढं नक्की. तेच मणी बांधावरून जाणाऱ्याला दिसले नसते. तुझ्या ऑफिसातही असं काहीतरी वेगळं लोंबत असेल, तिथं असेपर्यंत मान वर करून बघत जा.

राहिली ती चौकट. ती कोरी सोडू नकोस, साहेब कोऱ्या चौकटीचा वाटेल तो अर्थ लावतात. तिथं लिही, ‘येत्या वर्षात अमुक एक काम स्वतंत्रपणे करता येईल इतकं शिकायचं आहे,’ आणि अमुकच्या जागी खरंच काहीतरी घाल. पाच वर्षांचं विचारलंय आणि एका वर्षाचं लिहिलं म्हणून कुणी पगार कापत नाही. मी खात्यात असताना हाताखालच्या लोकांचे असले रकाने वाचायची. मोठमोठी वाक्यं वाचून मी पान उलटायची, आणि ‘ठिबकचा आराखडा स्वतः काढायला शिकणार’ असं लिहिणाऱ्याला जूनमध्ये आठवणीनं शिबिराला पाठवायची.

आणि हो, विहिरीकडच्या तुकड्यात यंदा काय लावायचं हे तुझ्या बापाचंही अजून ठरत नाहीये. काल ताग टाकायला लावलाय. जुलै सरता सरता फुलावर येईल. गाडायच्या दिवशी शनिवार धरायला सांगते. तू ये, ट्रॅक्टरवर बस, आणि वही घेऊन ये. मी वाचणार नाही, किती पानं भरलीत तेवढं बघीन.

तुझी,
आत्या