हाउसचा पॅच: भरलेला, विणलेला की पीव्हीसीचा?

या टर्मला आमच्या हाउसने क्रॉस-कंट्री संघासाठी बाहीवर लावायचे चाळीस पॅच करून घ्यायचे ठरवले. दिल्ली कॅन्टोन्मेंटच्या गोपीनाथ बाजारात गणवेशाचे सामान मिळते, हे आपल्याला ठाऊक आहेच. पण पॅच कोणत्या पद्धतीचा हवा, हे दुकानाची पायरी चढण्याआधी ठरवलेले बरे.

सीनियर्सचा कल पीव्हीसीकडे होता. साच्यात रंगीत पातळ पीव्हीसी ओतून तो तापवून घट्ट करतात. कडा स्वच्छ, उठाव छान, चिखल पुसला की गेला. दिसतो झकास, हे मलाही मान्य. पण साच्याचा खर्च चाळीसच नगांवर वाटला की प्रत्येक पॅच महाग पडतो. शिवाय होस्टेलचे कपडे गठ्ठ्याने इस्त्रीला जातात. शर्टावर शिवलेल्या पीव्हीसीवरून गरम इस्त्री फिरली, तर पॅचही गेला आणि शर्टही.

भरतकामाचा पॅच धुता येतो, इस्त्रीही सोसतो. त्याची खरी परीक्षा अक्षरांत होते, त्यातही आपल्या देवनागरीत. आमचा शब्द ‘धैर्य’. शिरोरेषेच्या वर दोन मात्रा आणि शेजारीच रफार! यंत्राच्या भरतकामात शेजारच्या दोन टाक्यांत साधारण ०.४ मिमी अंतर असते. अक्षर ४-५ मिमीचे ठेवले, तर मात्रा आणि रफार यांचा एकच गोळा होतो. रोमन लिपीतली मोठी अक्षरे त्या मापात निभावतात, कारण त्यांच्या डोक्यावर काही नसते.

विणलेल्या पॅचमध्ये चित्र कापडासोबतच बारीक धाग्याने विणले जाते, म्हणून लहान अक्षरही सुटे दिसते. मात्र तो सपाट असतो, उठाव नाही. जरदोजीचा बिल्ला ब्लेझरवर शोभतो. धावण्याच्या शर्टावर तो नकोच.

आम्ही भरतकाम निवडले आणि चित्र कमी केले. किल्ल्याचे बुरूज आणि वर्ष काढून टाकले, शब्द १० मिमी उंच केला. सेनेच्या ४ थ्या इन्फन्ट्री डिव्हिजनचे चिन्ह म्हणजे नुसता लाल गरुड. लांबूनही ओळखू येतो.

एकाने मागे सेनेच्या नव्या लढाऊ गणवेशाचे ठिपक्यांचे कापड सुचवले होते. २०२२ साली आलेली ती नक्षी सेनेने नोंदवून घेतलेली आहे. लोकांना आपण सैनिक वाटावे म्हणून तसा पोशाख किंवा चिन्ह वापरणे भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ नुसार गुन्हाही आहे. आम्ही साधे निळे ट्विल घेतले.

पॅच शिवायचा नाही, वेल्क्रोने लावायचा. मऊ पट्टी शर्टावर, काटेरी पॅचच्या मागे. उलट केले तर पॅच काढल्यावर शर्टाचे काटे धुण्यात इतरांचे मोजे ओढून आणतात. कपडे धोब्याकडे देण्याआधी प्रत्येकाने आपला पॅच काढून लॉकरमध्ये ठेवायचा.