भट्टीपासून बिलापर्यंत: फाउंड्रीचे नकाशे काढताना

शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या फाउंड्र्यांमध्ये मी कामाची मांडणी करून देतो. मालक बहुधा विचारतात, कोणतं सॉफ्टवेअर घेऊ? त्याआधी दोन नकाशे लागतात. कारखान्याला काय काय जमलं पाहिजे, हा क्षमतांचा. मागणी आल्यापासून ग्राहकाच्या हाती माल पडेपर्यंत काय काय घडतं, हा मूल्यप्रवाहाचा. अनुभवातून पक्क्या झालेल्या पाच गोष्टी सांगतो.

१. क्षमता म्हणजे खातं नव्हे. तडा गेलेलं कास्टिंग परत आलं, की त्यावरच्या हीट नंबरवरून धातूचं रासायनिक प्रमाण, त्या दिवशीची वाळू आणि पाळी सापडली पाहिजे. माग काढणं ही एकच क्षमता, पण तिच्या नोंदी भट्टी, सँड लॅब आणि डिस्पॅचमध्ये विखुरलेल्या असतात. खात्यांच्या तक्त्यात ती दिसतच नाही.

२. प्रवाहाची सुरुवात ग्राहकापासून धरा. ड्रॉइंग, पॅटर्न, नमुन्याची मंजुरी, उत्पादन, डिस्पॅच, बिल असा तो क्रम. भट्टीपासून सुरुवात केली, तर पॅटर्नच्या दुरुस्तीत गेलेले आठवडे हिशेबातच येत नाहीत.

३. क्षमतेला कामाचं नाव द्या. ‘ईआरपी’ किंवा ‘क्वालिटी’ असं न लिहिता ‘वाळूचा दर्जा राखणं’ असं लिहा. सॉफ्टवेअर बदलेल, माणसं बदलतील, वाळूचा ओलावा मात्र मोजावाच लागेल.

४. प्रवाहाच्या प्रत्येक टप्प्याखाली त्याला लागणाऱ्या क्षमता मांडा. ब्लोहोल अनेकदा मशीनिंगमध्ये उघडा पडतो. तोवर वीज, मजुरी, टूल सगळं खर्ची पडलेलं असतं. पण त्याचं मूळ बऱ्याचदा वाळूतल्या ओलाव्यात किंवा कोअरमधल्या वायूत असतं. नुकसान दिसतं एका टप्प्यावर, पैसा घालायचा असतो दुसऱ्याच क्षमतेत. दोन्ही नकाशे एकावर एक ठेवल्याशिवाय हे कळत नाही.

५. बाहेरून करून घेतलेलं कामही नकाशात हवं. पॅटर्न बाहेरच्या वर्कशॉपमध्ये बनतो, मशीनिंग जॉबवर्कला जातं. उशीर तिथे झाला, तरी ग्राहक जाब तुम्हालाच विचारणार.

म्हणून उद्योजकांना कळकळीचं सांगणं: सॉफ्टवेअरचं कोटेशन मागवण्याआधी मोल्डिंगचे, भट्टीचे आणि फेटलिंगचे मिस्त्री एकत्र बसवा आणि हे नकाशे त्यांच्याकडून काढून घ्या. कुठे काय अडतं, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं.