फवारणीची औषधे आणि शरीरातील विकरे

शरीरातील बहुतेक रासायनिक क्रियांसाठी विशिष्ट विकर, म्हणजे एन्झाइम, असते. एका प्राण्यात जे विकर विपुल असते ते दुसऱ्यात अल्प असते. यकृतात जे आढळते ते रक्तद्रवात असेलच असे नाही. कपाशीवर फवारणी करणाऱ्याच्या जिवाशी या भेदाचा निकटचा संबंध आहे.

मज्जातंतूंचा संदेश पोहोचला की तो थांबविण्याचे काम कोलिनेस्टरेज हे विकर करते. प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉस यांसारखी सेंद्रिय फॉस्फरसयुक्त औषधे या विकरास निकामी करतात व कीड मरते. परंतु हेच विकर माणसात व बैलातही असते. सबब, औषध केवळ किडीलाच मारते ही समजूत घातक होय.

मॅलॅथिऑन माणसास तुलनेने कमी बाधते, कारण यकृतातील कार्बॉक्सिलएस्टरेज हे विकर त्याच्या रेणूतील विशिष्ट बंध तोडते. बहुतेक किडींत ते कमी असते. मोनोक्रोटोफॉसमध्ये तसा बंधच नसल्याने हे संरक्षण लाभत नाही. उंदराच्या रक्तद्रवातही हे विकर असते, माणसाच्या नसते. म्हणून उंदरास सोसले ते माणसास सोसेलच असे नव्हे. पक्ष्यांच्या रक्तद्रवात अशी काही औषधे फोडणारे दुसरे एक विकर नगण्य असते. पंप धुतलेले पाणी कोंबड्यांच्या वाटेत ओतू नये.

२०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने सुमारे वीस शेतकरी व शेतमजूर दगावले.

रक्तद्रवातील कोलिनेस्टरेज यकृतात तयार होते व काही आठवड्यांत भरून येते. तांबड्या पेशींतील कोलिनेस्टरेज मज्जातंतूंतील विकरासारखेच असते. ते भरून येण्यास नव्या पेशी याव्या लागतात आणि पेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असते. वरचेवर फवारणी केल्यास ही तूट वाढत जाते व थोडे औषधही बाधते. यास्तव एकाच मजुराकडून रोज फवारणी करवू नये. हंगामापूर्वी रक्ततपासणी करून ठेवल्यास पुढील घट ओळखता येते.

हातमोजे, मुखपट्टी व पूर्ण अंगभर कपडे वापरावेत. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नये. लाळ गळणे, घाम येणे, डोळ्यांची बाहुली बारीक होणे, धाप लागणे ही लक्षणे दिसताच भिजलेले कपडे काढून अंग साबणाने धुवावे. रोग्यास विनाविलंब रुग्णालयात न्यावे. वर्धा परिसरात सावंगी (मेघे) येथे आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आहे. औषधाची बाटली सोबत न्यावी, म्हणजे डॉक्टरांस उपचार ठरविणे सुकर होते.