मावळातल्या मुलांना हेगच्या न्यायालयात जाता येईल का?

प्रश्न : पॅसिफिक महासागरातल्या बेटांवरच्या विद्यार्थ्यांनी हवामानबदलाचा प्रश्न आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेला आणि न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला, असं वाचलं. मला पुढे कायदा शिकायचा आहे. आमच्या गावाला लागून असलेल्या डोंगराचा उतार प्लॉटिंगसाठी फोडतायत, मुरूम काढून नेतायत. आम्ही मावळातली मुलं अशी केस करू शकतो का?
– एक विद्यार्थिनी, मावळ तालुका

उत्तर : थेट हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात नाही. तिथे वादी-प्रतिवादी म्हणून फक्त देशच उभे राहू शकतात. ती बेटांवरची मुलंसुद्धा स्वतः वादी नव्हती. पण त्यांनी काय केलं हे तू नीट समजून घ्यावंस असं मला मनापासून वाटतं.

२०१९ साली वानुआतू देशात, साउथ पॅसिफिक विद्यापीठाच्या पोर्ट व्हिला इथल्या शाखेत, कायदा शिकणाऱ्या २७ विद्यार्थ्यांना वर्गात एक अभ्यास दिला होता : आपल्या बेटांना हवामानबदलापासून वाचवायला कायद्याचा कोणता मार्ग उपयोगी पडेल? त्यांनी उत्तर शोधलं आणि ते वहीत न ठेवता बेटांच्या सरकारांना पत्रं लिहिली. वानुआतूच्या सरकारने ती मनावर घेतली. मग देशोदेशींचा पाठिंबा मिळवत २९ मार्च २०२३ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठराव केला, की हवामानाबाबत देशांची कर्तव्यं कोणती हे न्यायालयाने सांगावं. डिसेंबर २०२४ मध्ये सुनावणी झाली, तेव्हा त्या विद्यार्थ्यांच्या संघटनेची अध्यक्ष सिंथिया हाउनिउही स्वतः न्यायाधीशांपुढे बोलली. २३ जुलै २०२५ ला १५ न्यायाधीशांनी एकमताने मत दिलं. मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश दलवीर भंडारी त्या पीठावर होते.

न्यायालय म्हणालं, की हवामानाचं रक्षण करणं हे देशांचं कायदेशीर कर्तव्य आहे. ते फक्त हवामानाबाबतच्या पॅरिस करारातून येत नाही. आपल्या वागण्याने दुसऱ्याच्या पर्यावरणाची मोठी हानी होऊ न देणं, हा देशादेशांमधला रूढ कायदाच आहे. कर्तव्यात कसूर झाली आणि त्यातून नुकसान झाल्याचं सिद्ध झालं, तर भरपाईही द्यावी लागू शकते. हे मत सल्ल्याच्या स्वरूपाचं आहे, बंधनकारक नाही. तरी जगातल्या कुठल्याही न्यायालयात वकिलाला ते पुढे ठेवता येतं, आणि त्याचं बळ तिथेच आहे.

आता तुझ्या प्रश्नाचा गाभा. मुलांनी आंतरराष्ट्रीय व्यासपीठावर स्वतः तक्रार केल्याची उदाहरणं आहेत. सप्टेंबर २०१९ मध्ये १६ मुलांनी संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीकडे पाच देशांविरुद्ध अर्ज केला. त्यांत ग्रेटा थुनबर्ग होती आणि उत्तराखंडची रिधिमा पांडेही होती. भारताचं नाव त्या पाचांत नव्हतं, कारण अशी तक्रार ऐकून घेण्याचा अधिकार समितीला देणारा जादा करार भारताने स्वीकारलेला नाही. २०२१ मध्ये समितीने अर्ज दाखल करून घ्यायला नकार दिला : आधी आपापल्या देशातल्या न्यायालयांत जा. पोर्तुगालच्या सहा तरुणांना एप्रिल २०२४ मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने जवळपास हेच ऐकवलं.

म्हणून मी तुला घरच्या न्यायालयाचं दार दाखवतो आहे, आणि ते काही दुय्यम दार नव्हे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागाचं पीठ पुण्यात आहे, लोणावळा लोकलने जाण्याच्या अंतरावर. ज्या २०१० च्या कायद्याने ते उभं राहिलं, त्याच्या उद्देशिकेतच १९७२ ची स्टॉकहोम परिषद आणि १९९२ ची रिओ परिषद नावानिशी आहेत. कलम २० सांगतं, की निर्णय देताना शाश्वत विकास, सावधगिरी आणि ‘प्रदूषण करणाऱ्यानेच भरावं’ ही तत्त्वं लावायचीच. सर्वोच्च न्यायालयाने तर १९९६ मध्येच, वेल्लोरच्या चामड्याच्या कारखान्यांच्या खटल्यात, यातली सावधगिरीची आणि भरपाईची तत्त्वं देशाच्या कायद्याचा भाग मानली होती. आंतरराष्ट्रीय कायदा पुण्यापर्यंत असा येऊन पोचला आहे.

तो तुझ्या ग्रामपंचायतीतही आहे. रिओच्या जैवविविधता करारातून आपला २००२ चा जैवविविधता कायदा आला आणि त्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती बंधनकारक केली. समितीने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. तुमच्या वहीत त्या उतारावरची झाडं, झरे, ओढे, खाचरातला आंबेमोहर यांची नोंद आहे का, ते आधी बघ. वही कोरी असेल तर ती भरायला लागा. न्यायाधिकरणापुढे अशी नोंद पुरावा म्हणून ठेवता येते. आंतरराष्ट्रीय करार किती जवळ येऊन पोचलेत यासाठी मावळातल्या लोहगडाचंच बघ. ११ जुलै २०२५ ला तो मराठ्यांच्या इतर किल्ल्यांसोबत जागतिक वारसा यादीत गेला. हा वारसा पुढच्या पिढ्यांच्या हाती सोपवणं हे जागतिक वारसा कराराच्या चौथ्या कलमाने भारतावर टाकलेलं कर्तव्य आहे, आणि ती पुढची पिढी म्हणजे तुम्ही.

यश हमखास मिळेल असं मी सांगणार नाही. याच रिधिमाने नऊ वर्षांची असताना, २०१७ मध्ये, हरित न्यायाधिकरणात हवामानाचा अर्ज केला होता. पॅरिस करार सरकारच्या धोरणात उतरलाच नाही असं धरून चालायला कारण नाही, असं म्हणत २०१९ मध्ये तो निकाली काढला गेला. ती सर्वोच्च न्यायालयात गेली. पुढे मार्च २०२४ मध्ये, माळढोक पक्ष्याच्या खटल्यात, हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण हा घटनेच्या कलम १४ आणि २१ खालचा हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं. २०१९ मध्ये हा आधार हाताशी नव्हता, आज आहे. शिवाय संबंध देशाच्या धोरणापेक्षा एका गट नंबरातल्या खोदकामाचं प्रकरण लढवायला सोपं असतं. आणि ते हवामानाचंही आहे : जंगल राखणं पॅरिस करारात आहेच, आणि पाऊस जितका एकदम कोसळेल तितका फोडलेला उतार धोक्याचा. ३० जुलै २०१४ ला आपल्याच जिल्ह्यात माळीण हे गाव कोसळलेल्या डोंगराखाली गेलं आणि दीडशेहून अधिक माणसं गेली.

तर सुरुवात अशी कर. त्या जागेचा सातबारा काढ. जमीन वनखात्याची आहे का, गौण खनिजाचा परवाना कुणी, किती ब्रासचा दिला, हे माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करून तहसील कचेरीत विचार. एकाच जागेवरून, तारीख दिसेल असे फोटो दर आठवड्याला काढ. ग्रामसभेत ठराव मांडायला घरच्यांना सांग. तू अठराच्या आत असशील तर अर्ज पालकामार्फत होतो, रिधिमाचाही वडिलांमार्फतच झाला होता. भरपाई मागितली नाही तर न्यायाधिकरणाची फी एक हजार रुपये आहे. मुदत मात्र कडक आहे : वादाचं कारण पहिल्यांदा घडलं त्या दिवसापासून सहा महिने, आणि पुरेसं कारण दाखवलं तर आणखी ६० दिवस. जेसीबी पहिल्यांदा उतारावर कधी चढला, ती तारीख आजच गावात विचारून लिहून ठेव.